साठ ओळींचा सर्व्हर

'मॅप टू गेस्ट = बॅड युजर.' लिनक्सच्या मशीनवरून विंडोज मशीनांना फोल्डर पुरवणाऱ्या सांबा या सॉफ्टवेअरच्या एसएमबी डॉट कॉन्फ या फाईलीतली ही ओळ मला फार आवडते. घाईत वाचली तर 'वाईट माणसाला पाहुणा करा' असं काहीतरी वाटतं. खरा अर्थ बारीक आहे. सर्व्हरला ज्याचं नावच ठाऊक नाही असा कोणी आला, तर त्याला पाहुणा म्हणून घ्या. पण ओळखीचं नाव सांगून पासवर्ड चुकीचा दिला, तर परत पाठवा. अनोळखी माणसाला सवलत आणि तोतयाला नाही, एवढा विवेक पाच शब्दांत बसवला आहे. याच जागी 'बॅड पासवर्ड' असंही लिहिता येतं. मग पासवर्ड टाइप करताना चुकलेला कार्यालयातलाच माणूस गुपचूप पाहुणा ठरतो आणि 'माझे फोल्डर कुठे गेले?' म्हणत हिंडतो. सांबाच्या मॅन्युअलमध्ये या पर्यायापाशी इशारा आहे, की असं केलंत तर हेल्पडेस्कवाले तुमचा राग राग करतील. पुढे चक्क हसरा चेहरा काढला आहे.

मी वाचलेली फाईल अकलोलीतल्या एका छोट्या करसल्लागाराच्या कार्यालयातली. त्याची गिऱ्हाइकं म्हणजे तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांच्या आसपासचे लॉजवाले आणि भिवंडीकडचे गोदामवाले. टेबलाखाली एक जुनं लिनक्सचं मशीन, त्यावर सांबा, आणि समोरच्या सगळ्या विंडोज मशीनांवर त्याचे ड्राइव्ह मॅप केलेले. मार्चअखेरीला हे मशीन तासभर बंद पडलं तर तालुक्यातल्या निम्म्या लॉजांचे हिशोब अडतील, अशी त्याच्या मालकाची प्रौढी. थोडी अतिशयोक्ती असेल, पण फाईल वाचल्यावर माणसाची शिस्त पटते.

सुरुवातीला ग्लोबल विभाग, मग होम्स, मग एकेक शेअर. होम्स हा विभाग मला सर्वांत देखणा वाटतो. त्यात एकाही माणसाचं नाव नाही. युजर आला की सर्व्हर त्याच्या नावाचा शेअर शोधतो. नसला आणि त्या नावाचं खातं असलं, तर त्याच्या घरच्या फोल्डरचा शेअर जागच्या जागी उभा करतो. 'व्हॅलिड युजर्स = टक्का एस' ही एकच ओळ त्याला कुलूप लावते: टक्का एस म्हणजे त्या शेअरचं नाव, आणि ते युजरच्या नावाशी जुळलं तरच प्रवेश. उद्या नवी मुलगी कामाला लागली तरी या विभागात एक अक्षर बदलावं लागत नाही.

हिशोबाच्या शेअरवर 'फोर्स ग्रुप' आणि 'क्रिएट मास्क = ०६६०' आहे. कोणीही फाईल केली तरी ती गटाची होते, गटातल्या प्रत्येकाला लिहिता येते, बाहेरच्याला वाचताही येत नाही. त्याखाली रिसायकल: पुसलेली फाईल पुसणाऱ्याच्या नावाच्या फोल्डरात, मूळ फोल्डरांच्या रचनेसकट जाऊन पडते. काय गेलं याच्याबरोबर कोणी घालवलं हेही कळतं, पण आरडाओरडा होत नाही.

एवढ्या साठेक ओळींत हा सर्व्हर सतत विचारतो तो प्रश्न एकच: कोण? लायसन्सच्या जगाचा प्रश्न दुसरा, आणि तो म्हणजे किती? पूर्वीचं सर्व्हर सॉफ्टवेअर नेटवेअर ३.१२ पाच, दहा, पंचवीस, पन्नास, शंभर, अडीचशे युजरांच्या मापात मिळायचं. पाचाचं घेतलं असेल तर सहाव्याला लॉगिनच नाही. कडक, पण सरळ. विंडोज एनटी सर्व्हर ४.० बसवतानाच 'पर सर्व्हर' की 'पर सीट' असं विचारायचा. पहिल्यात मशीन एका वेळच्या जोडण्या मोजायचं, दुसऱ्यात मोजणी मुख्यतः कागदावर आणि माणसाच्या सचोटीवर. विंडोज सर्व्हर २००३पासून युजरमागे किंवा डिव्हाइसमागे 'कॅल', म्हणजे क्लायंट ॲक्सेस लायसन्स, घ्यायचं असं ठरलं. सर्व्हर न घेता साध्या मशीनवर फोल्डर शेअर करून भागवणाऱ्यांनाही मर्यादा होतीच: एक्सपी प्रोफेशनलवर एका वेळी दहा, विंडोज ७पासून वीस. अकराव्याला 'आता आणखी जोडणी होणार नाही' असा संदेश यायचा आणि मग कोणाला तरी उठवून लॉगऑफ करायला लावायचं. छोट्या कार्यालयांतली निम्मी भांडणं या अकराव्यावरून झाली असतील.

सांबातही 'मॅक्स कनेक्शन्स' नावाची ओळ आहे. तिची मूळ किंमत शून्य, आणि शून्याचा अर्थ मर्यादा नाही. अकलोलीच्या कुंडावर कोणी डोकी मोजत बसत नाही, कोणत्या कुंडात पाय घालवेल हे ज्याचं त्याला कळतं, तसंच काहीसं. सांबा जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली येतो आणि तिच्या नवव्या कलमात स्पष्ट आहे, की प्रत मिळवायला किंवा नुसती चालवायला हा परवाना स्वीकारण्याचीही गरज नाही. बंधनं येतात ती प्रत पुढे देताना.

हे सगळं कोणी बहाल केलेलं नाही. कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल याने १९९१-९२च्या सुमारास मशीनांमधली देवाणघेवाण तारेवर ऐकून तिच्यातला व्यवहार उलगडला. मायक्रोसॉफ्टची कागदपत्रं अधिकृतपणे मिळाली ती डिसेंबर २००७मध्ये, युरोपियन न्यायालयाने सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात युरोपियन आयोगाच्या बाजूने निकाल दिल्यावर. त्यासाठी एका ना-नफा संस्थेने एकरकमी दहा हजार युरो भरले. तिथेही माणशी आकारणी नाही.

अकलोलीच्या फाईलीतले शेअर देवनागरीत आहेत: 'विवरणपत्रे', 'कोरे फॉर्म', 'जुनी प्रकरणे'. २००३च्या सांबा ३.०ने युनिकोड आणलं, त्याआधी हे असं सुखाने लिहिता आलं नसतं. 'कोरे फॉर्म' पाहुण्यांनाही वाचता येतो, म्हणून ती सुरुवातीची 'मॅप टू गेस्ट'ची ओळ. विंडोजच्या अलीकडच्या अनेक आवृत्त्या पाहुणा म्हणून जोडायला आपणहून नकार देतात, त्यामुळे ती आता जुन्या लॅपटॉपांपुरतीच कामाची.

दोषही आहेत. 'रीड ओन्ली = नो' आणि 'रायटेबल = येस' या एकाच गोष्टीच्या दोन उलट्या ओळी; या फाईलीत एका शेअरवर पहिली, दुसऱ्यावर दुसरी. वाचणाऱ्याला दर वेळी मनात उलटापालट करावी लागते. काहीच लिहिलं नाही तर शेअर फक्त वाचण्यापुरता राहतो, हे मौन मात्र शहाणपणाचं. त्याहून मोठी चूक शेवटच्या शेअरवर आहे. पगाराच्या फोल्डरला 'ब्राउजेबल = नो' लावून मालक निश्चिंत आहे. त्या ओळीने फोल्डर यादीत दिसत नाही इतकंच. नाव ठाऊक असलेला कोणताही नोंदलेला युजर ते टाइप करून त्या शेअरला जोडला जातो, आणि पुढे फक्त लिनक्सच्या परवानग्याच आड येतात. होम्सला लावलेली 'व्हॅलिड युजर्स'ची ओळ इथे हवी होती.