वाळूची मूर्ती आणि जतनाचा अधिकार : शिरपूर (जि. वाशीम) येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या निमित्ताने एक कलासमीक्षा

प्रस्तावना

वालुकाशिल्प म्हटले की सुशिक्षित मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पुरीचा समुद्रकिनारा व सुदर्शन पटनाईक यांची शिल्पे येतात. गेल्या दोन दशकांत या कलेने किनारा सोडून इमारतीतही प्रवेश केला आहे. जपानमधील तोत्तोरी येथे २००६ पासून वालुकाशिल्पांचे संग्रहालय आहे. म्हैसूर येथे चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी एम. एन. गौरी यांनी ११५ ट्रक वाळू वापरून घडविलेल्या सुमारे दीडशे शिल्पांचे संग्रहालय २०१४ मध्ये सुरू झाले. या पार्श्वभूमीवर, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वाशीम जिल्ह्यात वाळूच्या एका मूर्तीची पूजा शतकानुशतके होत आली आहे, ही गोष्ट कलासमीक्षेच्या दृष्टीने दुर्लक्षित राहिली आहे. मालेगाव तालुक्यातील शिरपूर (जैन) येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाची श्यामवर्णी, पद्मासनस्थ मूर्ती वाळू व शेण यांपासून घडविलेली आहे, असे परंपरा मानते. या मूर्तीविषयी आजवर जे लिहिले गेले ते मुख्यतः तीर्थमाहात्म्य म्हणून किंवा न्यायालयीन वादाचा विषय म्हणून. प्रस्तुत लेखात तिचा विचार वालुकाशिल्प म्हणून केला आहे. वाळूची कलाकृती टिकविणे म्हणजे नेमके काय, आणि ती टिकविण्याचा अधिकार कोणाचा, हे या विवेचनाचे मुख्य प्रश्न होत.

माध्यमाचा स्वभाव

दगड किंवा धातू यांचे रूप एकदा घडले की ते स्वतःच्या बळावर उभे राहते. वाळूचे तसे नाही. कोरड्या वाळूच्या कणांना परस्परांचे बंधन नसते. थोडे पाणी मिळाले की कणांमधील पाण्याचे सूक्ष्म पूल त्यांना धरून ठेवतात, पाणी फार झाले की तेच पूल नाहीसे होतात आणि रूप ढासळते. म्हणून वालुकाशिल्पकार ओली वाळू साच्यात थरांवर थर ठोकून बसवितो आणि वरून खाली कोरीत येतो. खालचा भाग आधी कोरला तर वरचा कोसळण्याचे भय असते. आकार टिकावा असे वाटत असेल तर वाळूत पाण्याखेरीज दुसरे काही बंधनद्रव्य मिसळावे लागते. शिरपूरच्या परंपरेने ते शेण मानले आहे. वऱ्हाडातील मातीच्या घरांची जमीन ज्या शेणसारवणाने धरून ठेवली जाते, तेच हे द्रव्य होय. सारवणाचे वैशिष्ट्य असे की ते एकदाच करून भागत नाही. सणावाराला, पावसाळ्यानंतर ते पुन्हा करावे लागते. वाळू व शेण यांच्या मूर्तीची कल्पना ज्या समाजाने केली, त्याला ही देखभालीची अट ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही.

धार्मिक वाङ्मयातही या माध्यमाची स्वतंत्र दखल घेतलेली आढळते. भागवताच्या अकराव्या स्कंधात प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत लेपाची प्रतिमा व वाळूची ‘सैकती’ प्रतिमा असे दोन स्वतंत्र प्रकार आहेत. लेपाच्या प्रतिमेला स्नान न घालता ती केवळ पुसून घ्यावी, असा विवेकही तेथेच सांगितला आहे. एकनाथांनी याच स्कंधावर मराठीत टीका रचली, त्यामुळे हा विचार मराठी श्रोत्यांना अपरिचित नाही. कांचीपुरम येथील एकांबरेश्वराचे पृथ्वीलिंग वाळूचे मानले जाते व त्यावर प्रत्यक्ष जलाभिषेक केला जात नाही. पूजेने माध्यमापुढे घेतलेली ही माघार होय.

आख्यायिकेचे वाचन

महाराष्ट्रातील सर्वांत परिचित वालुकाशिल्प मात्र देवळात नाही. ते घरात आहे. भाद्रपद शुद्ध तृतीयेला हरितालिकेच्या व्रतात स्त्रिया नदीची वाळू आणून तिचे शिवलिंग करतात, पत्री वाहतात, रात्री जागरण करतात आणि दुसऱ्या दिवशी त्याचे विसर्जन करतात. येथे वाळूचे अल्पायुष्य हा दोष मानलेला नाही. रूप घडविणे, पूजिणे व पाण्याला परत करणे या तिन्ही क्रिया मिळून व्रत पूर्ण होते.

शिरपूरच्या मूर्तीची आख्यायिका याच तर्काने सुरू होते, ही बाब लक्षणीय आहे. चौदाव्या शतकातील जिनप्रभसूरींच्या ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात ती आली आहे. रावणाच्या आज्ञेवरून माली व सुमाली विमानाने जात असता भोजनसमयी असे लक्षात येते की पूजेची प्रतिमा घरीच विसरली आहे. जिनपूजेवाचून भोजन करावयाचे नाही असा नियम असल्याने तत्काळ एक प्रतिमा घडविली जाते, तिची पूजा होते आणि नंतर ती जलाशयात सोडली जाते. (लोकप्रचलित कथेत माली-सुमालींच्या जागी खरदूषणाचे नाव येते.) म्हणजे मूळ प्रतिमा हरितालिकेच्या लिंगाप्रमाणे एका वेळच्या पूजेपुरती होती, विसर्जन हाच तिचा शेवट ठरला होता. आख्यायिकेचा चमत्कार पुढे आहे. पाण्यात गेलेली ही प्रतिमा विरघळत नाही. त्या पाण्याने श्रीपाल राजाचा रोग बरा होतो, प्रतिमा वर काढली जाते, वाटेत राजा मागे वळून पाहतो आणि ती तेथेच अधांतरी स्थिर होते.

मूर्तीचे अधांतरी असणे हाच या कथेतील मुख्य चमत्कार असे सामान्यतः समजले जाते. शिल्पविचाराच्या दृष्टीने पाहता त्याहून मोठा चमत्कार वाळू पाण्यात टिकण्याचा आहे. क्षणभंगुर माध्यमाला चिरंतनत्व देण्याची आकांक्षा येथे कथारूप धारण करते. पण कथाकार येथेही प्रामाणिक राहिला आहे. पूर्वी डोक्यावर घडे घेतलेली स्त्री मूर्तीखालून जाऊ शकत असे, काळाच्या ओघात ते अंतर कमी होत गेले, असेही कथा सांगते. चिरंतन म्हटलेल्या रूपालाही झीज आहे, याची ही कबुलीच म्हणावी लागेल.

लेप आणि वाद

झिजणाऱ्या मूर्तीवर उपाय लेपाचा. भारतीय शिल्पपरंपरेत लेप ही दुय्यम क्रिया नाही. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय आहे. टेंभुर्णी व कवठाची कच्ची फळे, सावरीची फुले इत्यादींचा काढा अष्टमांश उरेपर्यंत आटवून त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल यांचे मिश्रण करावे, अशी कृती तेथे दिली आहे. यांतील बहुतेक झाडे वाशीमच्या रानात आजही ओळखीची आहेत. शिरपूरचा लेप याच कृतीने होत असे असा दावा येथे नाही. मूर्तीचे पुनर्लेपन ही शास्त्रमान्य व अपेक्षित क्रिया होती, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

तथापि लेप हा नुसता थर नसतो. जो लेप देतो तो मूर्तीचे रूप पुन्हा ठरवितो. शिरपूरच्या वादाचे मूळ येथे आहे. श्वेतांबर परंपरेत मूर्तीला कटिसूत्र, चक्षू, टिळा, मुकुट इत्यादींचे स्थान आहे. दिगंबर परंपरेत वीतराग मूर्ती निराभरण असणे आवश्यक मानले जाते. लेप देताना कटिसूत्राची रेषा उठवावी की नाही, हा प्रश्न बाहेरच्या प्रेक्षकाला क्षुल्लक वाटेल. पण त्या एका रेषेवर ती मूर्ती कोणाची हे ठरते. १९०५ मध्ये दोन्ही पंथांनी पूजेचे वेळापत्रक ठरवून घेतले होते. १९१० मध्ये प्रकरण न्यायालयात गेले. अकोला, नागपूर असा प्रवास करून ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचले आणि १९२९ मध्ये तेथे निर्णय झाला. व्यवस्थापनाचा व लेपाचा अधिकार श्वेतांबरांकडे आणि वेळापत्रकानुसार पूजेचा अधिकार दिगंबरांना, असे त्याचे स्थूल स्वरूप होते. वाद मात्र शमला नाही. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागले. पुढील सुमारे ४२ वर्षे भाविकांना दरवाजातील लहानशा झरोक्यातून दर्शन घ्यावे लागले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मंदिर उघडण्याचा व लेपाचा मार्ग मोकळा झाला आणि मार्चमध्ये दरवाजे उघडले. त्यानंतरही गावाने तणावाचे प्रसंग अनुभवले.

कोणत्या पंथाची बाजू न्याय्य, हा या लेखाचा विषय नाही. कलासमीक्षेला महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. या ४२ वर्षांत मूर्ती पाहता येत होती, पण तिला हात लावता येत नव्हता. पाहण्याची परवानगी आणि स्पर्शाची मनाई ही कोणत्याही संग्रहालयाची पहिली अट असते. त्या अर्थाने शिरपूरचे मंदिर इतका काळ एकाच वालुकाशिल्पाचे संग्रहालय होऊन बसले होते. मात्र संग्रहालयात काचेआड ठेवलेल्या वस्तूची काळजी घेणारा कोणी तरी काचेच्या आत असतो. येथे झरोक्याच्या आत त्या जबाबदारीची जागा रिकामी राहिली.

संग्रहालयाची दृष्टी

या अनुभवाच्या प्रकाशात आधुनिक वालुकासंग्रहालयांकडे पाहिले असता दोन भूमिका स्पष्ट होतात. म्हैसूरच्या संग्रहालयात चामुंडेश्वरी, गणेश, दसऱ्याची मिरवणूक असे विषय मोठ्या कष्टाने साकारलेले आहेत. एका कलावतीने एवढा पसारा उभा करणे कौतुकास्पद आहे, यात शंका नाही. परंतु वारा, पाऊस व भरती यांपासून दूर, छपराखाली स्थिर झालेली वाळू हळूहळू दगडासारखी वागू लागते. प्रेक्षक ‘हे वाळूचे आहे’ या वाक्याने चकित होतो आणि तेथेच थांबतो. माध्यम हे आश्चर्याचे कारण उरते, अर्थाचे राहत नाही. तोत्तोरी येथे दरवर्षी जगातील एखादा प्रदेश विषय म्हणून घेतला जातो, निरनिराळ्या देशांचे शिल्पकार शिल्पे घडवितात आणि प्रदर्शनाचा काळ संपताच ती मोडून वाळू पुन्हा वाळूत मिळविली जाते. ही रीत हरितालिकेच्या व्रताला अधिक जवळची आहे.

शिरपूर या दोहोंपेक्षा भिन्न असा तिसरा मार्ग दाखविते. तेथे शिल्प मोडले जात नाही आणि गोठविलेही जात नाही. पुन्हा पुन्हा लेप देऊन ते चालू ठेवले जाते. हा मार्ग सर्वांत समृद्ध आणि सर्वांत धोक्याचा आहे. विसर्जनात वादाला वेळच मिळत नाही. काचेआडच्या जतनात निर्णय एका संस्थेच्या हाती असतो. पुनर्लेपनात मात्र प्रत्येक पिढीला ‘रूप कोणते?’ या प्रश्नाचे उत्तर नव्याने द्यावे लागते, आणि ते उत्तर देणारे हात एकाहून अधिक असू शकतात.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, वालुकाशिल्पाचे मूल्यमापन केवळ त्याच्या आकारावरून करणे अपुरे आहे. त्याच्या देखभालीची रीत हा त्या कलाकृतीचाच भाग मानला पाहिजे. दुसरा, शिरपूरची मूर्ती ही वाशीम जिल्ह्याच्या धार्मिक इतिहासाइतकीच भारतीय शिल्पविचाराच्या इतिहासाची ठेव आहे. तिसरा, लेपाची प्रत्येक क्रिया लिखित स्वरूपात नोंदली जाणे आवश्यक आहे. लेप केव्हा दिला, कोणती द्रव्ये वापरली, आधीचे रूप कसे होते आणि नंतरचे कसे झाले, याची दोन्ही पंथांना पाहता येईल अशी नोंदवही असणे ही जतनाची पहिली पायरी ठरेल. अशी वही वाद मिटवील असे नाही. पण पुढचा वाद ऐकीव गोष्टींऐवजी नोंदींवर होईल. भिंतीचे सारवण निघू लागले की घरातील माणसे आधी हात शेणात घालतात आणि मग कोणाची पाळी होती यावर बोलतात. वाळूच्या मूर्तीलाही याच क्रमाची गरज आहे.