उलटा पिरॅमिड आणि बिनजिन्याचा मनोरा

मी पत्रकारितेचा विद्यार्थी नाही. हातकणंगले तालुक्यातल्या एका सूतगिरणीत रिंग खात्यात कामाला आहे. शाळा दहावीला सुटली. पण आमच्या वसाहतीतली एक पोरगी कोल्हापुरात विद्यापीठात पत्रकारिता शिकते. तिच्या वह्या आणि तिनं बाजारातून आणलेली गाईडं मी तिसऱ्या पाळीवरून आल्यावर वाचतो. वर्षभर वाचली. हे लिखाण त्यावरचं. पदवी नसलेल्यानं अभ्यासक्रमाच्या पुस्तकांवर टीका करू नये असं ज्याला वाटतं, त्यानं इथंच पान उलटावं.

पहिल्यांदा भेटला तो ‘उलटा पिरॅमिड’. बातमीत सगळ्यात महत्त्वाचं वर लिहायचं, कमी महत्त्वाचं खाली. जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकन पत्रांत ही रीत रुळली आणि आज जगभर शिकवतात. रीत कामाची आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण महत्त्वाचं काय, हे ठरवतो कोण? गाईडात त्याची यादी आहे: ताजेपणा, जवळीक, प्रसिद्ध माणसं, संघर्ष. या यादीला मी आमची वस्ती लावून बघितली. आमच्या नळाची तक्रार ताजी नाही, ती माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. आमची वस्ती कुठल्या संपादकाच्या घराजवळ नाही. आमच्यात प्रसिद्ध कोणी नाही. राहिला संघर्ष. म्हणजे डोकं फुटल्याशिवाय आम्ही बातमीत यायचं नाही.

मागं आमच्या गिरणीत कार्डिंग खात्यात एका बदली पोराची दोन बोटं गेली. तिसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. कामगार किरकोळ जखमी, व्यवस्थापनानं तातडीनं उपचार केले, उत्पादन सुरळीत. पोराचं नाव नाही. बोटांचा तर पत्ताच नाही. तवा मी वार्ताहराला शिव्या घातल्या. पुढं ऑफिसातल्या शिपायाकडून कळलं, वार्ताहर गिरणीत आलाच नव्हता. ऑफिसातून तयार टिपण गेलं होतं, तेच छापलं गेलं.

या तयार टिपणाची विद्या वहीत स्वतंत्र विषय म्हणून आहे. नाव ‘स्ट्रॅटेजिक कम्युनिकेशन’. कुणाला सांगायचं, काय सांगायचं, कुठल्या मार्गानं सांगायचं, आणि सांगून काय साधायचं, हे आधी ठरवून मग तोंड उघडायचं. मी हे वाचलं आणि अंगाला मुंग्या आल्या. त्या पोराची बोटं यंत्रात गेली आणि त्याचं नाव या विद्येत गेलं.

शाखेत हे बोललो तर एक मित्र म्हणाला, “लगा, ही मालकाची विद्या. आपल्याला काय करायची? आनि शिकून कोन पेपरात नोकरी देनार हाय?” त्याचा राग खोटा नाही. १९९६ साली बी. एन. उनियाल या पत्रकारानं दिल्लीत एक दलित पत्रकार शोधायला घेतला आणि त्याला तो सापडला नाही. २०१९ च्या ऑक्सफॅम–न्यूजलाँड्रीच्या पाहणीत मोठ्या माध्यमांतल्या वरिष्ठ संपादकांच्या १२१ जागा तपासल्या. १०६ जागांवर उच्चवर्णीय. अनुसूचित जाती-जमातींचा एकही नाही. तेवीस वर्षं गेली, फरक पडला नाही.

तरी मित्राचं पहिलं वाक्य मला मान्य नाही. ही विद्या मालकाची नाही. मालकानं ती विकत घेतलीय, एवढंच. आपल्या बापानं ती त्याच्याआधी वापरली होती. तारखा बघा.

३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला. त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. त्यानंतर बरोबर पन्नास दिवसांनी, २१ मार्चला, माणगावची परिषद. हे माणगाव आमच्याच तालुक्यातलं, मी सायकलनं जाऊन आलोय. पुढं २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी घेतलं आणि चौदाच दिवसांनी, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ सुरू. एकदा परिषदेच्या आधी पत्र, एकदा लढ्याच्या पाठोपाठ पत्र. हा योगायोग नाही मित्रांनो. कुणाला, काय, कसं आणि कशासाठी, हे ठरवून केलेलं काम आहे. ‘मूकनायका’वर संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचं होतं, कारण बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम या सरकारी कॉलेजात प्रोफेसर होते. कचेरी परळला पोयबावडीत, म्हणजे गिरणीवाल्यांच्या ऐन वस्तीत. ‘मूकनायका’च्या माथ्यावर तुकोबा, ‘बहिष्कृत भारता’च्या माथ्यावर ज्ञानेश्वर. सनातन्यांना त्यांच्याच संतांच्या दारातून जाऊन प्रश्न विचारायचा. याला डावपेच म्हणतात.

पण गिरणीच्या टिपणात आणि यात फरक आहे, आणि तो गाईडात सापडत नाही. टिपण झाकण्यासाठी लिहिलं होतं. ‘मूकनायका’च्या पहिल्या अंकातलं ‘मनोगत’ उघडं करण्यासाठी लिहिलंय. त्यात हिंदू समाज म्हणजे मजल्यामजल्यांचा मनोरा आहे, ज्याला जिना नाही. ज्या मजल्यावर जन्म त्याच मजल्यावर मरण. त्याच लेखात बाबासाहेब फक्त आपल्या जातीचं हित बघणाऱ्या पत्रांना सांगतात, की सगळे एकाच बोटीत बसलेत, दुसऱ्याच्या खोलीला भोक पाडणारा स्वतःही बुडतो. मला विचाराल तर उलट्या पिरॅमिडला खरं उत्तर हा मनोरा आहे. बातमी खालून कापतात, आणि आपण खालच्या मजल्यावर. ‘मूकनायका’नं खालचा मजला पहिल्या ओळीत आणला.

गाईडात मात्र ‘मूकनायक’ इतिहासाच्या प्रकरणात भेटतो. नाव, साल, संपादक. पाच मार्कांची टीप. डावपेचाच्या प्रकरणात त्याचं नाव नाही, तिथं साबणाच्या आणि थंड पेयाच्या जाहिराती. नारायण मेघाजी लोखंडे १८८० पासून मुंबईत ‘दीनबंधू’ चालवत होते आणि १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली. पत्र आणि संघटना एका हातात. हाही धडा झाला असता. नाही झाला.

आता आपल्याकडे बोट वळवतो, नाहीतर हे लिखाण अर्धंच राहील. २०२० साली ‘मूकनायका’ची शंभरी झाली. गावोगाव बॅनर लागले. दर ३१ जानेवारीला आपण त्या पहिल्या पानाचा फोटो मोबाईलवर फिरवतो. त्या फोटोतली अक्षरं वाचलेली किती पोरं आपल्या शाखेत आहेत? मी विचारलं. तिघं निघाली. महाराष्ट्र शासनानं दोन्ही पत्रं ग्रंथरूपात छापली आहेत, तरी तिघं. गाईडवाल्यांनी ‘मूकनायक’ पाच मार्कांचा केला, आपण तो हार घालण्याचा केला. वाचला कुणीच नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली निघालं ते या भागातल्या पोरांसाठी. ते सरकारी पैशानं चालतं, म्हणजे त्यात माझ्या मीठ-मिरचीवरचाही कर आहे. तिथली जागा सोडू नका. उलटा पिरॅमिड शिका, तयार टिपण कसं लिहितात ते शिका, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेलं ओळखता येईल. पण गाईडाच्या शेजारी ‘मनोगत’ उघडं ठेवा. वर्गात विचारा, की बोटं गेलेल्या पोराचं नाव कितव्या ओळीत लिहायचं.

आणि एक. ‘केसरी’नं पैसे देऊनही ‘मूकनायका’ची जाहिरात छापली नाही, हे आपण भाषणात सांगतो. पण ‘मूकनायक’ १९२३ ला आणि ‘बहिष्कृत भारत’ १९२९ ला बंद पडला, तो काही ‘केसरी’मुळे नाही. ‘बहिष्कृत भारता’चे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेब एकटे लिहीत होते आणि आपल्याच माणसांची वर्गणी येत नव्हती. या अंकाचीही तीच गत आहे. ज्यांची वर्गणी थकली आहे, त्यांनी ती या पगाराला द्यावी.

ती पोरगी औंदा शेवटच्या वर्षाला आहे. गिरणीतल्या त्या पोराला भेटून तिनं बातमी लिहिलीय. पहिल्या ओळीत त्याचं नाव आहे. पुढच्या अंकात आपण ती छापतोय, आणि खालून कापणार नाही.

जयभीम.