गाजर गवत मेलं, पण नियंत्रण झालं का?

तणनियंत्रणावरचे प्रबंध वाचताना एक वाक्य हमखास भेटतं : ‘प्रभावी नियंत्रण आढळून आले.’ तिथे थांबा आणि विचारा, नेमकं मोजलं काय?

गाजर गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात नोंदलं गेलं. आज अकोला-अमरावतीकडचे धुरे, पडीक जमिनी, रस्त्याच्या कडा त्याने भरल्यात. त्यावर उपाय म्हणून १९८० च्या दशकात मेक्सिकोतून झायगोग्रामा भुंगा भारतात आणला. पावसाळ्यात तो पानांची चाळणी करतो, नंतर जमिनीत शिरून सुप्तावस्थेत जातो.

आता ऑगस्टमध्ये भुंगे सोडले आणि नोव्हेंबरमध्ये वाळलेली झाडं मोजली, तर भुंग्याने मारलेलं झाड आणि आयुष्य संपून वाळलेलं झाड वेगळं कसं ओळखणार? म्हणून बिनभुंग्यांचा प्लॉट हवाच. भुंगा उडतो, त्यामुळे दोन्ही प्लॉटवर सारखीच जाळी हवी.

दुसरी उणीव जास्त महाग पडते. एक झाड हजारो बिया टाकतं आणि त्या मातीत काही वर्षं जिवंत राहू शकतात. बी पडल्यावर झाडं मारली तर आकडे छान येतात, शेतकऱ्याचे पैसेही जातात, पण मातीतला बीसाठा तसाच राहतो. साठ दिवसांच्या नोंदी प्रबंधाला पुरतात, वावराला पुरत नाहीत.

म्हणून आराखड्यात एक साधी गोष्ट घाला : प्रयोगाआधी आणि नंतर प्रत्येक प्लॉटची माती घ्या, ट्रेमध्ये पसरा, पाणी द्या, उगवलेली रोपं मोजा. शिवाय पुढच्या मृगात त्याच जागी परत जा. ‘प्रभावी’ हा शब्द त्यानंतर लिहा.