एकशे बत्तीस धावांचा संघ : श्रीलंकेच्या टी-२० विश्वचषकांची उलटतपासणी

श्रीलंकेच्या क्रिकेटबद्दल आपल्याकडे एक ठरलेले वाक्य आहे. महेला जयवर्धने आणि कुमार संगकारा गेले आणि संघ कोसळला. समालोचक ते म्हणतात, वर्तमानपत्रांची क्रीडा पाने ते छापतात, कट्ट्यावरही तेच ऐकू येते. जोडीला 'संक्रमणकाळ' हा शब्द असतो. २०१४ पासून सुरू झालेला हा काळ अकरा वर्षे संपलेला नाही, तेव्हा त्याला संक्रमण का म्हणायचे, असा प्रश्न मला पडला. मी क्रिकेट कोणाकडून शिकलेलो नाही आणि संख्याशास्त्रही नाही. धावफलक वहीत उतरवून घ्यायचे आणि रकाने जुळवायचे, एवढेच येते. तेवढ्या भांडवलावर नऊ टी-२० विश्वचषकांतले (२००७ ते २०२४) श्रीलंकेचे सगळे सामने मी एकाखाली एक लिहून काढले. प्राथमिक फेरीचे सामने धरले आहेत. सुपर ओव्हरमध्ये सुटलेला सामना 'बरोबरी' म्हणूनच मोजला आहे.

पहिल्या पाच स्पर्धांत, म्हणजे २००७ ते २०१४ या काळात, श्रीलंका ३१ सामने खेळली. २१ जिंकले, ९ हरले, १ बरोबरीत. तीन अंतिम सामने, एक उपांत्य पराभव, एक विजेतेपद. तेव्हा इतके सातत्य दुसऱ्या कोणत्याच संघाकडे नव्हते. पुढच्या चार स्पर्धांत (२०१६, २०२१, २०२२, २०२४) २३ सामन्यांचा निकाल लागला. ११ विजय, १२ पराभव. नेपाळविरुद्धचा एक सामना फ्लोरिडातल्या पावसाने धुऊन नेला.

आकडे इथेच सोडले तर घसरण मध्यम वाटते. आधी तीनातले दोन जिंकत होते, आता निम्मे. पण ही सरासरी फसवी आहे. हरले कोणाकडून आणि जिंकले कोणाविरुद्ध, हा रकाना मी वेगळा पाडला तेव्हा चित्र पार बदलले.

ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड या चौघांविरुद्ध २०१६ पासून श्रीलंका विश्वचषकात नऊ सामने खेळली आणि नऊही हरली. भारत आणि पाकिस्तान या चार स्पर्धांत तिच्या वाट्याला आलेच नाहीत. राहिलेले तीन पराभव वेस्ट इंडिज, नामिबिया आणि बांगलादेशाकडून. अकरा विजय कोणाविरुद्ध? अफगाणिस्तान दोनदा, आयर्लंड दोनदा, नेदरलँड्स तीनदा, आणि नामिबिया, बांगलादेश, वेस्ट इंडिज, संयुक्त अरब अमिराती प्रत्येकी एकदा. म्हणजे निम्मे जिंकणारा असा संघ प्रत्यक्षात नाहीच. खालच्यांना बहुधा हरवणारा आणि या चौघांना कधीच न हरवणारा संघ आहे.

मग सुवर्णकाळात या चौघांविरुद्ध काय होते? तेरा सामने. सहा जिंकले, सहा हरले, एक बरोबरीत. हा आकडा पाहून मी चपापलो. ज्याला आपण सुवर्णकाळ म्हणतो त्या काळातही या चौघांसमोर श्रीलंका बरोबरीचीच होती, वरचढ नव्हे. बाकीच्यांविरुद्ध मात्र अठरापैकी पंधरा विजय. एकट्या वेस्ट इंडिजला त्यांनी पाच वेळा हरवले. हरले एकदाच, ७ ऑक्टोबर २०१२ला, कोलंबोच्या प्रेमदासा मैदानावर, अंतिम सामन्यात.

त्या रात्रीचा धावफलक अजूनही वाचवत नाही. दहा षटकांत वेस्ट इंडिज २ बाद ३२. अजंता मेंडिसची चार षटके, १२ धावा, ४ बळी. आणि लसिथ मलिंगाची चार षटके, ५४ धावा, बळी शून्य. मार्लन सॅम्युअल्सने ५६ चेंडूंत ७८ काढल्या, त्यातला मोठा वाटा मलिंगाच्या खात्यावर. १३८चे लक्ष्य, आणि श्रीलंका १०१त गारद. त्यानंतर जयवर्धनेने टी-२०चे कर्णधारपद सोडले.

आता रूढ स्पष्टीकरणांकडे येतो. पहिले, थोरले गेले. दोघांचे मोठेपण कोण नाकारेल? २०१०च्या स्पर्धेत सर्वाधिक ३०२ धावा जयवर्धनेच्या होत्या. २००९च्या लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात, स्पर्धा गाजवणारा दिलशान शून्यावर गेल्यावर, संगकाराने नाबाद ६४ करून डाव सावरला. पण २०१४च्या स्पर्धेत संगकाराची बॅट अंतिम सामन्यापर्यंत जवळजवळ मुकीच होती. तरी संघ तिथवर पोचला होता. शिवाय नंतर नवे तारे आले नाहीत असेही नाही. वानिंदू हसरंगाने २०२१मध्ये १६ आणि २०२२मध्ये १५ बळी घेतले. दोन्ही स्पर्धांत सर्वाधिक बळी त्याचेच. लागोपाठ दोन विश्वचषकांतला पहिल्या क्रमांकाचा गोलंदाज ज्या संघाकडे आहे, त्याला 'माणसेच नाहीत' हे कारण पुरत नाही.

दुसरे स्पष्टीकरण मंडळातल्या गोंधळाचे. गोंधळ खराच आहे. २०१६ची स्पर्धा तोंडावर आली असताना मलिंगाचे कर्णधारपद मॅथ्यूजकडे गेले. नोव्हेंबर २०२३मध्ये सरकारी हस्तक्षेपाच्या कारणावरून आयसीसीने मंडळाचे सदस्यत्व निलंबित केले आणि एकोणीस वर्षांखालील विश्वचषक श्रीलंकेतून दक्षिण आफ्रिकेत हलवला. पण गोंधळ तेव्हा नव्हता का? २०११च्या विश्वचषकासाठी मैदाने बांधताना मंडळ कर्जात बुडाले आणि खेळाडूंचे मानधन कित्येक महिने थकले. पुढच्याच वर्षी हा संघ अंतिम फेरीत होता. २००९मध्ये तर लाहोरला संघाच्या बसवर गोळीबार झाला होता, मार्चमध्ये. जूनमध्ये तेच खेळाडू लॉर्ड्सवर अंतिम सामना खेळले, तोही पाकिस्तानविरुद्ध. आणि २०१४मध्ये षटकांच्या संथ गतीमुळे कर्णधार चंडिमलवर एका सामन्याची बंदी आली, मलिंगाने सूत्रे घेतली ती सोडलीच नाहीत, आणि नियुक्त कर्णधार बाहेर बसलेला असताना चषक उचलला गेला. अस्थिरता हेच कारण असते तर हा चषक कोलंबोला गेलाच नसता.

तिसरे स्पष्टीकरण खेळपट्ट्यांचे. उपखंडाबाहेर यांना जमत नाही, असे म्हणतात. २००९ची स्पर्धा इंग्लंडमध्ये होती, तिथे सातपैकी सहा जिंकले. २०२१ची अमिरातीत होती, शारजाच्या मंद खेळपट्टीवर, आणि तिथेच दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंड दोघांकडून हरले. हे स्पष्टीकरण तर आकड्यांच्या उलटच जाते.

माझ्या वहीतला पुढचा रकाना धावांचा. २०१६ नंतर या चौघांविरुद्ध श्रीलंकेने केलेल्या नऊ डावांच्या धावा अशा : १६१, १२०, १५४, १४२, १३७, १५७, १०२, १४१, ७७. एकदाही १७० नाही. १६०च्या पुढे एकदाच, तेही दिल्लीत इंग्लंडच्या १७१चा पाठलाग करताना, मॅथ्यूजच्या नाबाद ७३च्या जोरावर, आणि तरी दहा धावा कमी. बेरीज ११९१, सरासरी १३२.

आता श्रीलंकेने खेळलेल्या तीन अंतिम सामन्यांतला पहिला डाव पाहा. २००९ला १३८, २०१२ला १३७, २०१४ला भारताचे १३०. तिन्ही वेळा तीच पट्टी. सुवर्णकाळातली श्रीलंका निर्णायक दिवशी १३५ धावांचा खेळ खेळत होती, आणि आजची श्रीलंका या चौघांसमोर सरासरीने तिथेच उभी आहे. जग पुढे गेले, हा संघ त्याच पट्टीवर थांबला, असे म्हणून लेख इथे संपवण्याचा मोह होतो. पण तेही पूर्ण खरे नाही. २०२२चा अंतिम सामनाही १३७वरच झाला होता. शिवाय त्या जुन्या संघाने याच चौघांविरुद्ध २०१२मध्ये १७४ आणि १६९, २०१४मध्ये १६५ आणि १८९ धावा केल्या होत्या. १८९ करूनही ते हरले, कारण इंग्लंडच्या हेल्सने नाबाद ११६ ठोकल्या. दुसरे टोक चितगावचे. न्यूझीलंडविरुद्ध सगळे बाद ११९, आणि मग रंगना हेराथची ३.३ षटके, ३ धावा, ५ बळी. न्यूझीलंड ६०. ज्या संघाला १८९ करता येतात आणि ११९ राखताही येतात, त्याच्याशी खेळताना समोरच्याला अंदाज बांधता येत नाही. माझ्या मते गमावले आहे ते हे. आजच्या संघाची धावसंख्या आधीच सांगता येते.

२०१४च्या अंतिम सामन्याबद्दल इथे थोडे आडवळण घेतो. आपल्याकडे तो सामना 'युवराजचे २१ चेंडूंत ११' या चार शब्दांत मिटवला जातो. मला हे वाचन अन्यायाचे वाटते, युवराजवर आणि त्याहून अधिक समोरच्या गोलंदाजांवर. विराट कोहली त्या दिवशी ५८ चेंडूंत ७७ अशा लयीत होता आणि तरी शेवटच्या चार षटकांत भारताला १९ धावाच मिळाल्या. त्या षटकांत ऑफस्टंपाबाहेर, वाइडच्या रेषेला लागून, पायाशी पडणारे चेंडू एकामागून एक टाकले गेले. ही योजना होती. कोहलीला चेंडू खेळायलाच मिळू नयेत, मिळाले तर हात पोचू नये. संगकाराचे नाबाद ५२ आणि थिसारा परेराचा षटकार नंतरचे. सामना त्या चार षटकांत सुटला होता. आपण आपल्या पराभवाचा आरोपी शोधत बसलो आणि त्यांचे कसब पाहायचे राहून गेले.

धावा का थांबल्या? पहिल्या पंधरा षटकांत तुटून पडायचे हे १९९६ला जगाला दाखवले ते जयसूर्या आणि कालुवितरणाने. टी-२०च्या पहिल्याच विश्वचषकात केनियाविरुद्ध २६० केल्या त्या याच देशाने. यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू उडवण्याच्या फटक्याला दिलशानचे नाव चिकटले आहे. अशा घरात फटकेबाजी आटावी, याचे उत्तर मला देशांतर्गत रचनेत दिसते. प्रथम श्रेणीच्या क्लबांची संख्या वीसच्या वर गेली आणि गुणवत्ता पातळ झाली. त्याहून मोठी गोष्ट फ्रँचायझी स्पर्धेची. श्रीलंका प्रीमियर लीग २०१२ला एकदा झाली आणि बंद पडली. लंका प्रीमियर लीग सुरू व्हायला २०२० उजाडले. मधली आठ वर्षे अशी की जगातला जवळजवळ प्रत्येक मोठा देश आपल्या तरुण फलंदाजांना परदेशी वेगवान गोलंदाजांसमोर दर हंगामात उभे करत होता, आणि श्रीलंकेचा तरुण क्लबच्या फिरकीवर धावा जमवत होता. गोलंदाजाला ही उणीव कमी जाचते, कारण वेगळी शैली घरीही घडते. रत्गामाचा मलिंगा टेनिस बॉलवर घडला, मेंडिस सैन्यात होता. हसरंगाही याच परंपरेतला. दीडशेच्या वेगाने आलेला चेंडू फटकावायची सवय मात्र तसा चेंडू रोज खेळूनच लागते.

माझ्या या म्हणण्याविरुद्ध २०२२चा आशिया चषक पुढे केला जाईल, आणि करायलाच हवा. देश आर्थिक संकटात, यजमानपद असूनही स्पर्धा अमिरातीत, पहिल्याच सामन्यात अफगाणिस्तानसमोर सगळे बाद १०५. तिथून लागोपाठ पाच विजय. अंतिम सामन्यात ५ बाद ५८वरून भानुका राजपक्षच्या नाबाद ७१मुळे १७०, आणि पाकिस्तान २३ धावांनी पराभूत. अलीकडच्या श्रीलंकेची यापेक्षा देखणी कामगिरी मी पाहिलेली नाही. पण आशिया चषकात त्या चौघांपैकी कोणीच नसते. पाच आठवड्यांनी ऑस्ट्रेलियातल्या विश्वचषकाच्या पहिल्याच दिवशी हाच संघ नामिबियाकडून ५५ धावांनी हरला.

फेब्रुवारी २०२६च्या टी-२० विश्वचषकाचे यजमानपद भारत आणि श्रीलंका यांना मिळून देण्यात आले. २०२५च्या आशिया चषकाने माझ्या रकान्यात एक नवी नोंद करायला लावली आहे. २६ सप्टेंबरला दुबईत भारताच्या २०२ धावांना श्रीलंकेने २०२नेच उत्तर दिले. पथुम निसंकाच्या ५८ चेंडूंत १०७, कुसल परेराच्या ३२ चेंडूंत ५८. १३२च्या पट्टीत न बसणारा हा डाव आहे आणि तो मी लाल शाईने लिहिला आहे. मग सुपर ओव्हर झाली. शतकवीर निसंका फलंदाजीला आला नाही, आणि श्रीलंकेच्या धावा झाल्या दोन. त्याच्या खाली मी जुलै २०२४चा पल्लेकेलेचा सामना लिहिला. बारा चेंडूंत नऊ धावा हव्या होत्या, गोलंदाजीला रिंकू सिंग आणि सूर्यकुमार यादव. सामना बरोबरीत सुटला. त्या दिवशीही सुपर ओव्हरमध्ये श्रीलंकेच्या धावा दोनच होत्या.