वाटा वाढला म्हणजे चुका वाढल्या का?

पॅथॉलॉजी लॅबमधल्या चुकांवर सिनॉप्सिस लिहायला घेतला की पहिल्या पानावर एक वाक्य हमखास येतं: बहुतेक चुका मशिनवर नाही, सॅम्पल मशिनपर्यंत पोचण्याआधीच होतात. वाक्य बरोबर आहे. त्यामागचे पेपर मात्र फार थोडे जण उघडून बघतात.

इटलीतल्या पादोव्हाच्या प्लेबानी आणि कारारो यांनी तातडीच्या चाचण्या करणाऱ्या लॅबमधल्या तीन महिन्यांच्या चुका मोजल्या. १९९७ चा पेपर. ४०,४९० चाचण्यांत १८९ चुका, त्यातल्या ६८.२ टक्के चाचणीआधीच्या, १३.३ प्रत्यक्ष चाचणीतल्या, १८.५ नंतरच्या. २००७ च्या पेपरात तिथेच, त्याच पद्धतीनं पुन्हा मोजणी: ५१,७४६ चाचण्या, १६० चुका. वाटणी ६१.९, १५ आणि २३.१.

घाईत वाचणारा म्हणेल, चाचणीनंतरच्या चुका वाढल्या की! अहो, हे टक्के एकूण चुकांमधले वाटे आहेत. दर लाख चाचण्यांमागे हिशेब मांडून बघा. नंतरच्या चुका साधारण ८६ वरून ७१ वर आल्यात, आधीच्या ३१८ वरून १९१ वर. सगळ्याच घटल्या, आधीच्या जास्त घटल्या, म्हणून इतरांचा वाटा फुगला.

मला खटकतं ते पुढेच. चुका सापडल्या कशा? चार विभागांतल्या डॉक्टर-नर्सना रिपोर्टवर बारीक लक्ष ठेवायला सांगितलं होतं. २००७ मध्ये शंकास्पद निघाले ३९३, चूक ठरली १६० ठिकाणी. पण शंका यायची तर आकडा विचित्र दिसायला हवा ना? रक्तपेशी फुटलेल्या सॅम्पलमध्ये पोटॅशियम खोटंच वाढतं. लॅबच्या नजरेतून ते सॅम्पल निसटलं आणि पेशंट किडनीचा असला, तर वाढलेलं पोटॅशियम बघून वॉर्डात कुणाची भुवई उंचावणार? म्हणजे १६० हा किमान आकडा. शिवाय तुलनेला दुसरी लॅब नाही, त्यामुळे घट कशामुळे झाली हे या आकड्यांवरून ठरत नाही.

आपल्याकडचे 'प्रशिक्षणाआधी आणि नंतर' छापाचे प्रबंध याहून कच्चे असतात. ज्यांच्या चुका मोजायच्या तेच रजिस्टर भरतात. सुरुवातीला उत्साहानं, मग कंटाळून. नोंदी कमी झाल्या की सुधारणा झाली म्हणायचं!

तुम्ही असं काही करणार असाल तर दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून काही सॅम्पल निवडा आणि मागणीपत्रापासून रिपोर्टपर्यंत तपासा, शंका असो वा नसो. तपासणारा लॅबबाहेरचा हवा. काम बरंच वाढेल, गाईड कुरकुरतीलही.