करकोच्याची मान आणि बल्लारपूरचा कागद

मराठी ओरिगामीने माणसे जोडली, यात शंका नाही. अनिल अवचटांनी चौकोनी कागदांच्या घड्या घालत मुलांशी मैत्री केली, त्या छंदावर लिहिलेही. पुण्याचा ‘ओरिगामी मित्र’ गट ‘वंडरफोल्ड’ प्रदर्शनांतून ताकदीचे काम दाखवतो. करकोचा मात्र मागे राहिला. आपल्या शाळांत तो येतो तो बहुधा ६ ऑगस्टला, हिरोशिमा दिनी, हजार करकोचे घडवायला बसलेल्या सादाको सासाकीच्या गोष्टीबरोबर. ती गोष्ट सांगायलाच हवी. पण गोष्ट संपते तिथे हातही थांबतात. हजाराचा आकडा गाठायच्या घाईत टोकाला टोक जुळत नाही, मान जाड राहते, शेपटी फाटते.

हा पक्षी म्हणजे कठोर परीक्षा आहे. आधी चौकोनी घडी, मग दोन्ही बाजूंनी कागद उचलून पाकळी, मग मान-शेपटीची उलटी घडी. पहिल्या कर्णात केसभर चूक झाली की ती थराथरातून वाढत चोचीपाशी उघडी पडते. जपानने या एका पक्ष्याचा किती खोलवर विचार केला, ते क्योतोत १७९७ साली छापलेल्या ‘हिदेन सेंबाझुरू ओरिकाता’त दिसते. कुवानाच्या एका भिक्षूच्या ४९ रचना त्यात आहेत: एकाच कागदाला चिरा देऊन, कोपऱ्याशी बारीक दुवा राखून घडवलेले जोडकरकोचे. आपल्याकडे टी. सुंदर राव यांनी १८९३ साली मद्रासहून कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे पुस्तक काढले आणि ते युरोपातही वाचले गेले. म्हणजे घडीमागचे गणित आपण ओळखले होते. कागदाकडे लक्ष गेले नाही.

कागदाविषयी बोलायचे तर चंद्रपूर-गडचिरोलीतूनच बोलायला हवे. १९४५ साली स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या पेपर मिलसाठी इथल्या जंगलांतला बांबू वर्षानुवर्षे तोडला गेला. तो कागद लिहिण्या-छापण्याचा. बांबूचा तंतू सरासरी दोनेक मिलिमीटरचा. जपानी वाशी कागदातला, कोझो झुडपाच्या सालीचा तंतू त्याच्या कितीतरी पट लांब, म्हणून पातळ असूनही तो घडीवर घडी सोसतो. वहीच्या पानावर जोडकरकोचे करायला जावे तर दुवा सहज तुटतो. त्यात मुलांच्या बोटांचा दोष नाही. या भागातली बोटे तयारीची आहेत. पळसपानाचा द्रोण टाचणारी बाई शिरेची दिशा पाहून पान दुमडते. कामट्या काढणारा बुरूड बांबूच्या धाग्याबरोबर जातो. मिलच्या कागदालाही अशीच दिशा असते. ती ओळखणे हा घडीकामाचा पहिला धडा असायला हवा, आणि नेमका तोच वगळून आपण थेट आकृतीवर उडी मारतो.

पुण्याच्या हातकागद संस्थेत सुती चिंध्यांपासून कागद बनतो. विदर्भात कापूस आहे, आणि चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे हातकागदाचे एक टेबल मांडावे, बांबूच्या लगद्यात सुती तंतू मिसळून पातळ ताव काढावेत आणि आपल्या ओरिगामीकारांनी ते तपासावेत. पहिली चाचणी दोन जोडकरकोच्यांची ठेवावी. दुवा तुटला तर लगदा पुन्हा कुटावा.