लुसिया : एका नावाचे वाचन

मुलीच्या स्नानसंस्काराच्या वेळी आपण नावाचा अर्थ विचारतो. त्या नावाभोवती जमलेली कथा मात्र क्वचितच तपासतो. ‘लुसिया’ हे नाव या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे.

लॅटिन भाषेत ‘लुक्स’ म्हणजे प्रकाश. त्यातूनच पुरुषांचे ‘लुसियस’ आणि स्त्रियांचे ‘लुसिया’ ही रोमन नावे आली. सिसिलीतील सिराक्यूजची कुमारी लुसिया इ. स. ३०४ च्या सुमारास, सम्राट डायोक्लेशियनच्या छळकाळात रक्तसाक्षी झाली, अशी परंपरा आहे. पहिल्या युखरिस्त प्रार्थनेत तिचे नाव येते. तिचा सण १३ डिसेंबरला असतो. तबकात डोळे घेतलेली तिची प्रतिमा सर्वपरिचित आहे. परंतु तिच्या सर्वांत जुन्या वृत्तांतात डोळे काढल्याचा प्रसंगच नाही. तो उत्तरकालीन आहे. नावातील प्रकाशानेच ही कथा घडवली असावी, असे वाटते. कथा सुंदर आहे, तरी तिच्यात एक उणीव आहे : डोळ्यांच्या चमत्कारापुढे त्या तरुणीचा निर्भय नकार झाकला जातो.

दुसरा प्रश्न परकेपणाचा. रेणुकादेवीच्या मंदिरासाठी ओळखल्या जाणाऱ्या रेणापुरात ‘लुसिया’ ही हाक कानाला वेगळी वाटेल, हे खरे. पण ‘लुक्स’ आणि संस्कृत ‘रुच्’ (प्रकाशणे) ही एकाच प्राचीन मुळाची रूपे होत. आपले ‘रुची’, ‘रोचक’, ‘रुचिरा’ हे शब्द त्याच कुळातले. म्हणजे लुसिया आणि रुचिरा या दूरच्या बहिणीच ठरतात.

धर्मसभेचा नियमही येथे उदार आहे. १९८३ च्या धर्मविधानातील ८५५ वे कलम एवढेच सांगते, की नाव ख्रिस्ती भावनेला परके नसावे. ते लॅटिनच असावे, असे त्यात कोठेही नाही. प्रॉटेस्टंट परंपरेतील लक्ष्मीबाई टिळक ख्रिस्ती झाल्यावरही लक्ष्मीबाईच राहिल्या आणि त्याच नावाने ‘स्मृतिचित्रे’ मराठीत अजरामर झाली.

म्हणून पालकांनी ‘रुचिरा’ निवडावे की ‘लुसिया’, हा वाद मला गौण वाटतो. रुचिरालाही १३ डिसेंबरला सिराक्यूजच्या त्या मुलीची गोष्ट सांगता येईल. लुसियाला मात्र ती सांगितलीच पाहिजे. नाहीतर स्नानसंस्काराच्या नोंदवहीत एक अनोळखी उच्चार तेवढा उरेल, आणि मुलगी आयुष्यभर त्याचे स्पष्टीकरण देत राहील.